तळाच्या वाट्यातला बुजवलेला खड्डा

रविवार, सकाळचे साडेसात. डोंगरउताराच्या तळाशी, तारेच्या कुंपणाच्या आत, जेसीबीने माणसाच्या उंचीचा एक खड्डा बुजवला. तिथे हजर होते तिघे: या जमिनीच्या दिवंगत मालकाचा मुलगा, द्राक्षबागांचा सल्लागार आणि जेसीबीचा ड्रायव्हर. मालकाची मुलगी अजून वाटेत होती.

मी तोच खड्डा बोलतोय.

खड्ड्याने आपली कहाणी सांगायची म्हणजे काय, असं वाटून हसू येत असेल तर आत्ताच हसून घ्या. माती उचलल्यावर जी रिकामी जागा उरते, तो मी. पण मला चार भिंती होत्या, आणि जमिनीच्या पोटात काय आहे ते त्या भिंतींवर उघडं दिसत होतं.

माझा जन्म एका अटीतून झाला. वडील गेल्यावर उताराची वाटणी करायची होती. दादाने, म्हणजे त्या मुलाने, सुचवलं, वरचा भाग स्वतःला, तळाचा ताईला, म्हणजे बहिणीला. ताई शहरात रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. ती नोकरी सोडून तिला स्वतःची द्राक्षबाग उभी करायची होती. ती म्हणाली, "आधी खड्डा, मग वाटणी."

दादाला ते लागलं. "माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

"आहे ना. पण वेली तुझ्यात लावायच्या नाहीत मला, मातीत लावायच्यात."

म्हणून मला खणलं. वर वीतभर काळी माती, गवताच्या मुळांनी विणलेली. तिच्याखाली तपकिरी. आणि कमरेच्या खाली निळसर राखाडी चिकणमाती, मधूनमधून गंजासारखे डाग. असे डाग पडले की समजावं, इथे वर्षातले कित्येक महिने पाणी मुरतच नाही, नुसतं बसून राहतं. दोन दिवसांत माझ्या तळाशी पाणी झिरपलं आणि एक बेडूक राहायला आला. दादाची बायको, वहिनी, वाकून बघून म्हणाली, "चला, निदान बेडकाला तरी जमीन पसंत पडली." दादा हसला नाही.

सल्लागार आला, काठावर उभा राहिला. त्याला खाली उतरायची गरजच पडली नाही. तो दादाला म्हणाला की इथे पाण्याचा निचरा शून्य आहे, शिवाय रात्रीची थंड हवा उतारावरून घरंगळत येऊन याच खळग्यात साचणार, कोवळे फुटवे जळणार. लावायचंच असेल तर आधी खोल चर खणावे लागतील आणि ओल सोसणाऱ्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या रोपावर, बांधलेली कलमं आणावी लागतील. माझं विचाराल तर इथे गवत वाढवा, असंही तो म्हणाला. शब्द न् शब्द खरा होता. मी खूश झालो. मला वाटलं, आपला जन्म सार्थकी लागला. हेच आता ताईला सांगतील.

सांगितलं काहीच नाही. रविवारी मला बुजवलं. खरं दाखवायला जन्माला घातलं, आणि खरं दाखवलं म्हणून पुरून टाकलं. तेही घाईघाईत. काळी माती एका बाजूला वेगळी रचली होती, तीच आधी आत ढकलली. मग तपकिरी, शेवटी निळी. वरून आजूबाजूची माती ओढून जागा सारखी केली. बेडूक बाहेर पडला की नाही, हे मी सांगू शकत नाही.

ताई आली तेव्हा तिला उताराच्या मध्यावर, वाटणीच्या हद्दीला खेटून खणलेला दुसरा खड्डा दाखवला. ती त्यात उतरली. दगडाळ, कोरडी, भुसभुशीत माती तिने मुठीत घेतली, हुंगली. "खालीही अशीच आहे?" तिने विचारलं. सल्लागाराने एका वाक्यात मला संपवलं: "ताई, खड्डा बघूनच बोलतोय मी."

हे वाक्य नीट ऐका. त्यात खोटं काहीच नाही. त्याने खड्डा खरंच बघितला होता. कोणता, ते ताईने विचारलं नाही, कारण तिच्या दृष्टीने खड्डा एकच होता.

मग तिने तळाचा वाटा घेतला आणि वरच्या खड्ड्याला शोभेल असा वाण निवडला, दगडाळ जमिनीत रमणारा, उशिरा पिकणारा काळा वाण. खुंटही कोरड्या जमिनीचाच. नोकरीचा राजीनामा दिला. मांडव उभे राहिले. सगळं त्या खड्ड्याच्या मापाचं, आणि घातलं माझ्या अंगावर.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी थंडीने फुटवे काळे पडले. तिसऱ्या वर्षी पानं पिवळी झाली. माझी माती पोकळ, म्हणून माझ्यावरच्या दोन वेलींनी मुळं सगळ्यांपेक्षा खोल सोडली होती. आणि पाणीही माझ्यातच साचत होतं. त्या दोघी सर्वांत आधी मेल्या. त्यांची कुजकी मुळं माझ्या हातात सुटली. मला हात नाहीत, तरी असंच म्हणेन.

ताईने सल्लागाराला बोलावलं. तो म्हणाला, पाणी जास्त दिलंत. सगळ्या वेलींना सारखंच दिलं, ती म्हणाली, मग याच दोन आधी का गेल्या? त्याने हवेला दोष दिला. तिने त्या दोन वेलींच्या जागी खणायला लावलं. दादाही आला होता. "मेलेल्या झाडाचं काय शवविच्छेदन करतेस," तो म्हणाला.

मी पुन्हा उघडलो. ताई आत उतरली. आयुष्यभर काचपट्टीवरचे थर वाचलेली बाई ती. आधी शेजारची न हललेली भिंत तिने पाहिली: वर काळी, खाली निळी. मग मला पाहिलं: वर निळी, खाली काळी. तळाशी बोटं घालून तिने मूठभर काळी माती काढली. तिच्यात गवताची वाळलेली मुळं होती.

"दादा," ती खालूनच म्हणाली, "गवत वर उगवतं ना रे?"

दादाने सल्लागाराकडे बघितलं. सल्लागाराने मोबाईल काढला आणि फोन आल्यासारखा बाजूला गेला. वहिनी मात्र कुंपणापाशी उभी राहून रडत होती.

अजून मी उघडाच आहे. ताई कोणाला मला बुजवू देत नाही. रांगाच्या रांगा वाळून चालल्या आहेत, नोकरी परत मिळालेली नाही. माझं मागणं एवढंच, की जमीन निवडायला जाल तेव्हा स्वतः त्याच जमिनीत उतरा. दुसऱ्याने बघितलेला खड्डा आपला मानू नका.

बाकी राहतं ते इतकंच. मुळांसकट वरची काळी माती पुरुषभर खोल, निळ्या मातीच्या खाली पडलेली आहे. ती तिथे कोणी आणि का घातली, हे ताईने दादा आणि सल्लागार दोघांनाही विचारलं. अजून कोणीही उत्तर दिलेलं नाही.