मोरितासानची ग्रेपफ्रूटं

सासऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवून फळावरचं इवलंसं लेबल वाचलं आणि फळ परत टोपलीत ठेवलं. "दक्षिण आफ्रिकेचं आहे. मी खात नाही."

"बाबा, तिथलं राज्य बदलून बारा वर्षं झाली!" कादंबरी आठ दिवसांत तिसऱ्यांदा म्हणाली.

"बहिष्कार सगळ्या जगाआधी आपण घातला होता. सेहेचाळीस साली," विजयकुमार शांतपणे म्हणाले. मुंबईच्या गोदीत कस्टम्समध्ये हयात गेलेली. कातडीचा रंग बघून माणसांच्या वस्त्या, शाळा, बाकडीसुद्धा वेगळी करणारं ते सरकार. त्याचा माल आत येऊ द्यायचा नाही, ही त्यांची नोकरी होती. बहिष्कार उठला, सरकार गेलं, हे रिटायर झाले. पण सुंभ जळालं तरी पीळ काही जात नाही.

कादंबरीला मात्र तत्त्वं चघळायला वेळ नव्हता. जपानात, ग्योतोकुतली त्यांची इमारत पाडणार होते आणि महिनाअखेर जागा सोडायची होती. सात घरमालकांनी 'परदेशी माणसं नकोत' म्हणून कळवलं होतं, तेही एजंटामार्फत, कमरेत वाकून. आठवा तयार झाला, पण जपानी जामीन हवा म्हणाला. हेही घर गेलं तर अबोलीची शाळा सुटणार, आणि पोरगी आत्ता कुठे वर्गात बोलायला लागली होती. धीरज नेहमीप्रमाणे ओसाकाला क्लायंटकडे. संसार करावा बायकोने आणि मीटिंगा कराव्यात नवऱ्याने!

जामीन राहणार होते धीरजच्या कंपनीचे म्हातारे सल्लागार मोरितासान. ते कागदांवर हांको, म्हणजे आपला शिक्का, मारायला आज घरी येणार होते.

"बाबा, आज फक्त हसायचं हं," तिने बजावलं.

मोरितासान आले ते ग्रेपफ्रूटांची पेटी घेऊन. वर तेच लेबल. कादंबरीने मनातल्या मनात कपाळावर हात मारला. मोरितासान मात्र खुशीत होते. ऐंशीच्या दशकात चार वर्षं ते जोहान्सबर्गला यंत्रं विकत होते म्हणे.

तिने एवढं मराठीत सांगितलं आणि सासरे ताठ बसले. "विचार त्यांना, सगळं जग व्यापार तोडत होतं तेव्हा हे तिथे काय करत होते?"

"बाबा विचारतात, तिथली हवा कशी होती?" कादंबरीने जपानीत विचारलं.

"फारच छान!"

"काय म्हणाले?"

"चुकलंच म्हणाले."

सासरे जरा सैलावले. मोरितासान कागद पुढे ओढत सांगू लागले, "घरही मिळालं, गोऱ्यांच्या वस्तीत. आम्हा जपान्यांना त्यांनी मानद गोरे ठरवलं होतं ना!" ते हसले. मग खिशातून शिक्का काढत मायेने म्हणाले, "तुमच्या घरमालकालाही मी तसंच समजावलं. म्हटलं, ही मंडळी इतर परदेशी लोकांसारखी नाहीत. जवळजवळ जपानीच समजा."



"काय म्हणाले गं?"

या वेळी तिला खोटं सुचेना. तिने दोन्ही वाक्यं होती तशी सांगून टाकली. आता हे भडकणार आणि घर जाणार, हे तिला दिसत होतं. आणि आज पहिल्यांदाच, त्यांनी भडकावं असं तिला मनापासून वाटत होतं.

विजयकुमारांनी कागदांकडे पाहिलं. दाराशी टांगलेल्या अबोलीच्या दप्तराकडे पाहिलं. मग पेटीतलं एक फळ उचललं, नखाने लेबल काढलं आणि सोलायला घेतलं. पहिली फोड तोंडात टाकून ते मोरितासानकडे पाहून हसले, सुनेने बजावलं होतं तसे.

मोरितासान खूश होऊन शिक्क्याला शाई लावू लागले.

आठ दिवस 'खा, खा' म्हणून तिने त्यांचं डोकं खाल्लं होतं. आता तिला बघवेना. "बाबा, ठेवा ते," ती कशीबशी म्हणाली, "कडू असतं."

"शिक्का उमटू दे आधी," सासरे म्हणाले आणि त्यांनी दुसरी फोड तोंडात टाकली.