खालच्या मजल्यावरची शेगडी

मी शेगडी बोलतेय. गॅसची, चार बर्नरची, पोटात ओव्हन असलेली. उजवीकडचा मागचा बर्नर जरा रुसका आहे, त्याला अजूनही काडी लावून मनवावं लागतं. बाकी तब्येत ठणठणीत. व्हँकुव्हरच्या पूर्व भागात, कोलांजेलो या इटालियन कुटुंबाच्या घरात, तळमजल्यावर माझं सगळं आयुष्य गेलं. वरच्या मजल्यावर माझी एक सवत आहे. तिच्याबद्दल बोलायला मला आवडत नाही, पण बोलावं लागणार आहे.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते नून्झियोच्या खांद्यावरून जिना उतरणं. नून्झियो गवंडी होता, हे घर त्यानं स्वतः बांधलं आणि त्यात आपल्या गावच्या सगळ्यांसारखी दोन स्वयंपाकघरं केली. वरचं पांढऱ्या लाद्यांचं, पाहुण्यांना दाखवायला. खालचं खरं, रांधायला. वरच्या शेगडीवर एर्सिलियाबाईंनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, प्लास्टिकचं आवरण घातलं ते कायमचं. पाहुणे आले की बाई म्हणायच्या, "अगदी नवी आहे हो!" नवी राहणारच. तिच्यावर साधं अंडं कोणी उकडलं नव्हतं.

इथे मात्र माझ्यावर रोज पातेलं चढायचं. ऑगस्ट सरता सरता टोमॅटोच्या पेट्या यायच्या आणि वर्षभराचा सॉस बाटल्यांत भरला जायचा. दर रविवारी सकाळी मंद आचेवर मांस शिजत पडायचं. एर्सिलियाबाई माझ्याशी बोलायच्या, भांडायच्या, मला घासताना माझ्या नावानं खडे फोडायच्या. नून्झियो गेला त्या आठवड्यात नातलगांनी वरचं घर भरलं होतं. बाई मात्र खाली येऊन माझ्यापुढे रिकाम्या हातानं उभ्या राहायच्या. मी काय करणार? पेटवलं तर ऊब देणार, एवढंच माझ्या हातात.

मग मुलगा रेनातो मागे लागला. "ममा, घर विकून टाकू. आमच्या इमारतीत तुझ्यासाठी फ्लॅट बघितलाय. लिफ्ट आहे, जिने नाहीत."

"लिफ्टमध्ये टोमॅटो कुठे उकळू?" बाई म्हणाल्या. "तळमजला भाड्यानं देते. घरात माणूस राहील, तुझ्या जिवाला घोर नको."

"तू? भाडेकरू ठेवणार?" रेनातो हसला. "बरं, वर्षभर एक माणूस टिकवून दाखव. घर विकायचं नाव काढणार नाही. नाही टिकला, तर वसंतात विक्रीची पाटी लावायची. कबूल?"

"कबूल," बाई तोऱ्यात म्हणाल्या. माझा जीव त्या दिवसापासून टांगणीला लागला. घर विकलं गेलं की माझ्यासारख्या म्हातारीला भंगारवाल्याशिवाय कोण विचारणार?

आली ती मारिविक. फिलिपिन्सची, चाळिशीची, हळू बोलणारी. वृद्धाश्रमात रात्रपाळीला म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायची आणि दिवसा झोपायची. बाईंनी तिला न्हाणीघर दाखवलं, कपाटं दाखवली, मला दाखवलं. "हिला जपून वापर हं, पोरी. ही माझी जुनी मैत्रीण आहे." रविवारचं मात्र काही सांगितलं नाही. त्यांच्या ते डोक्यातच आलं नाही. तळमजला भाड्यानं दिला होता. मला कुठे दिलं होतं?

पहिल्याच रविवारी मारिविक पाळीवरून येऊन झोपली होती. आतल्या जिन्याच्या दाराला कधी कुलूप नव्हतं. बाई पातेलं घेऊन उतरल्या, सोबत नणंद योलांडा. दोघींच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. मारिविक डोळे चोळत झोपेच्या कपड्यांत बाहेर आली आणि दारातच थिजली.

"उठलीस? बरं झालं. ये, लसूण सोल," बाई म्हणाल्या.

तिनं सोललाही बिचारीनं. घरात वयानं मोठ्या बाईला नाही म्हणायचं नसतं, हे तिच्या रक्तात होतं. योलांडा जाताना म्हणाली, "गुणाची आहे गं. टिकेल."

मला तेव्हाच शंका आली होती, पण माझं ऐकतो कोण?

बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं, उलट माया उतू जात होती. मारिविकच्या फ्रीजमध्ये त्या मुकाट सॉसेज ठेवून जायच्या, तिची भांडी पुन्हा घासायच्या, थंडी वाजेल म्हणून हीटर वाढवायच्या. एकदा मारिविक सुके मासे तळायला बसली. खिडकी उघडली, टॉवेल दाराच्या फटीत कोंबला, तरी वास वर गेलाच. बाई धडधडत खाली. "काय मेलंय इथे?" मग कढईत डोकावल्या आणि खुलल्या. "अगं, मासे! आधी सांगायचंस ना. आमचा नाताळचा खारवलेला मासा याच्या दुप्पट घाण मारतो. सर बाजूला, अशी आच नाही चालायची." आणि झारा तिच्या हातातून काढून घेतला.

मासे झकास झाले. मारिविकनं मात्र पुन्हा कधी तळले नाहीत. ती माझ्यापाशी दबकत यायला लागली. आधी वरचा कानोसा घ्यायची, मग बर्नर लावायची. पुढे पुढे तर पावावर काहीतरी फासून उभ्या उभ्या खायची आणि झोपायच्या आधी जिन्याच्या दाराला खुर्ची टेकवून ठेवायची. मी थंडगार पडून ते बघत राहायचे. वापरात नसण्याचं दुःख मी सोसलं असतं, पण माझ्यापायी कोणी उपाशी राहावं हे मला सोसवेना.

आणि एका दुपारी बाई पातेलं घेऊन उतरल्या तेव्हा मारिविक जागी होती.

"आंटी, महिनाअखेरीला मी जागा सोडते."

बाईंनी पातेलं माझ्यावर आदळलं. "का? काय कमी पडलं तुला?"

"काही कमी नाही. माझी मुलगी येतेय, कायला. ती लहान होती तेव्हा तिला माझ्या आईकडे ठेवून आले. आता कुठे तिचे इथे यायचे कागद झाले. आंटी, मी आजवर लोकांच्या घरात राहिले, लोकांच्या आयांना भरवलं. माझ्या मुलीला एकदा तरी माझ्या घरात जेवू घालायचंय. इथे..." तिनं माझ्याकडे पाहिलं. "इथे सगळं तुमचंच आहे."

ती रडली नाही, हे मला जास्त लागलं.

बाई वर गेल्या. आमच्या घरात हीटरच्या नळ्यांतून वरचं सगळं खाली ऐकू येतं. बाईंनी रेनातोला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, त्यांना कानाशी धरून ऐकू येत नाही.

"पोटच्या पोरीसारखं केलं रे तिचं! आणि मला म्हणते, सगळं तुमचंच आहे!"

"ममा, तू भाडेकरू ठेवलीस की सून आणलीस?"

"सून?" बाई कडाडल्या. "सुनेच्या स्वयंपाकघरात मी कधी न विचारता पाऊल टाकलंय? तुझ्या बायकोच्या शेगडीला आजवर हात तरी..."

आणि त्या थांबल्या.

"ममा? आहेस ना?"

"आहे. ठेव आता. मला काम आहे."

वर प्लास्टिक फाटल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं कांद्याचा वास खाली आला, मग टोमॅटोचा. वरच्या पांढऱ्या लाद्यांवर शिंतोडे उडाले असणार, कारण बाई माझ्या सवतीला शिव्या घालत होत्या. तशा शिव्या पूर्वी फक्त मला मिळायच्या. मी त्या दिवशी मनसोक्त जळले, आच न लावता.

दुसऱ्या दिवशी बाई आतल्या जिन्यानं आल्या नाहीत. घराला वळसा घालून, पावसात, बाहेरच्या दाराशी आल्या आणि ते ठोठावलं. मारिविकनं उघडलं.

"आत येऊ?"

मारिविक बाजूला सरली, तरी बाई उंबऱ्याबाहेरच उभ्या. "जिन्याच्या दाराला कडी बसवायला उद्या माणूस येईल. कडी तुझ्या बाजूनं. माझ्या बाजूनं काही नको. मी घरमालकीण पहिल्यांदाच झालेय, पोरी. मला वाटलं, फक्त खोल्या द्यायच्या असतात." मग आवाज ओढत म्हणाल्या, "ही शेगडीसुद्धा तुझी. जायचं तर जा, मी अडवत नाही. पण असेपर्यंत पोटभर रांध."

किल्ली देणं सोपं असतं हो. माणसं आपली चूल दुसऱ्याच्या हाती सोडायला घाबरतात, कारण मग आपण कोण, हे त्यांना नव्यानं ठरवावं लागतं. बाई ओल्या केसांनी परत गेल्या तेव्हा मला त्यांचा अभिमान वाटला, आणि त्यांच्याशिवाय कसं व्हायचं म्हणून भीतीही.

मारिविक गेली नाही. तिनं खोक्यांत भरलेली भांडी एकेक करून परत मांडली, बस्स. रेनातोनंही मग पाटीचं नाव काढलं नाही.

कायला आली त्या रविवारी माझे चारही बर्नर पेटले होते. भात, सुके मासे, चिंचेचं आंबट सार. मुलगी आईहून उंच, लाजरी, दुरून आईकडे बघत बसलेली. दोघींना एकमेकींशी काय बोलावं कळत नव्हतं. मग मारिविकनं जिन्याची कडी काढली आणि वर हाक मारली, "आंटी, जेवायला या!"

एर्सिलियाबाई उतरल्या. चांगला झगा, मोत्यांचे डूल, हातात पाहुण्यांसारखा केक. जिथे आयुष्यभर रांधलं त्या स्वयंपाकघरात त्यांनी विचारलं, "कुठे बसू?"

मारिविकनं खुर्ची दाखवली. बाई बसल्या, हात मांडीवर घट्ट धरून. साराला उकळी आली, फेस काठाशी चढला. त्यांचा हात आपसूक उठला. त्यांनी तो दुसऱ्या हातानं खाली ओढला. आच मारिविकनं कमी केली. कायलानं ते पाहिलं आणि खुदकन हसली, आणि मग तिघीही हसल्या.

जेवून निघताना बाई माझ्यापाशी थांबल्या. "पोरी, हिला जरा हात लावू का?"

"लावा ना, आंटी."

त्यांनी ओव्हनच्या दारावर तळवा ठेवला. मी अजून गरम होते.