सत्यशीलाबाईंची आखूड सतरंजी

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. कडा उसवलेल्या, एका कोपऱ्यावर शाईचा डाग आणि मधोमध एका घडीची कायमची खूण. त्या घडीबद्दल पुढे सांगते. सतरंजीला घाई नसते. ती पडूनच असते.

माझा जन्म परभणीतल्या एका हातमागावर झाला. धुरपताबाई नावाच्या विणकरणीने गावोगावची जुनी लुगडी गोळा केली, त्यांच्या पट्ट्या फाडल्या आणि मला विणलं. हिरवी पट्टी पाटलिणीच्या लुगड्याची, निळी वस्तीवरच्या एका आजीच्या लुगड्याची. ज्या घरांना एकमेकांचं पाणी चालत नव्हतं, त्यांची लुगडी माझ्यात गळ्यात गळा घालून बसली. लुगड्यांना कुणी विचारलंच नाही. अजूनही दुपारी डोळा लागला, की मला तीन-चार जणींची स्वप्नं एकदम पडतात. एकात हुरडा भाजत असतो, दुसऱ्यात गोदावरीचं पाणी पायरीला लागत असतं, तिसऱ्यात कुणीतरी लांबून हाक मारत असतं. ती हाक नेमकी कुणाला, हे मला कधीच कळत नाही. मग मी सगळ्यांच्या वतीने ‘ओ’ देते.

मला विकत घेतलं सत्यशीलाबाईंनी. त्या शाळेत शिकवत आणि मुलांसाठी गोष्टी लिहीत. जातीपातीचा भेद मोठ्या माणसांना उपदेश करून जात नाही. पण लहानपणी एकत्र हसलेली पोरं मोठेपणी दगड उचलताना निदान क्षणभर थांबतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून दर शनिवारी शाळा सुटली, की मला काखोटीला मारून त्या एसटीने कुठल्या तरी गावी जात आणि तिथल्या पोरांना आपल्या गोष्टी वाचून दाखवत.

“बाई, हिचं अर्धं तिकीट फाडू का?” कंडक्टर विचारी.

“फाडा, पण मग तिला खिडकीजवळची जागा पाहिजे.”

आता घडीचं. पहिल्याच शनिवारी पूर्णेजवळच्या एका शाळेत खोली इतकी लहान होती, की मी पूर्ण उलगडेना. बाईंनी मला मधोमध हातभर दुमडून घातलं. पोरं गुडघ्याला गुडघा लावून बसली. त्या दिवशी कुणी कुणाला आडनाव विचारलं नाही. विचारायला मान वळवायलाही जागा नव्हती. बाई माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसल्या. तेव्हापासून खोली केवढीही असो, मी आखूडच. चाळीस वर्षांत बावीस पुस्तकं झाली आणि घडी तिथेच राहिली.

कौतुकही झालं. बाईंना पुरस्कार मिळाला, तेव्हा मला मंचावर अंथरलं होतं. पाहुणे समतेवर पाऊण तास बोलले, चपला घालून माझ्यावर उभे राहून. भाषण वजनदार होतं, याची साक्ष माझ्याइतकी कुणी देणार नाही.

पुढे बाई निवृत्त झाल्या आणि मी कपाटावर गेले. सहा वर्षं तिथे होते. एक उंदरीण माझ्यात बाळंत झाली. मी तिला आडनाव विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात सोनपेठजवळच्या एका गावाहून बोलावणं आलं. एसटीत बाईंनी माझ्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, “पोरं अजूनही तशीच लांब लांब बसत असतील, तर आता वही मिटून टाकावी म्हणते.” माझ्या सगळ्या पट्ट्या जाग्या झाल्या.

शाळा समितीचे अध्यक्ष आश्रुबा फार चांगले गृहस्थ. म्हणजे, मदत करण्यापासून त्यांना कुणी रोखू शकत नसे. बाईंनी मला अंथरलं, तसे ते धावले.

“ओ बाई, ही घडी तशीच ऱ्हायली की! थांबा, म्या सोडितो.”

“राहू द्या हो, आश्रुबाभाऊ...”

“लेकरं आखडून कशाला बसतील? लय जागा हाय हितं.”

एक झटका, आणि चाळीस वर्षांची घडी सुटली. मधला पट्टा उघडा पडला. त्यावर कधी कुणी बसलंच नव्हतं. त्याचे रंग नवेकोरे होते. पोरं आली. गावातली या बाजूला, वस्तीवरची त्या बाजूला, आणि मध्ये तो पट्टा, नदीसारखा. कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही, इतकं ते मुरलेलं असतं.

बाईंनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. मग वाचू लागल्या: एक शेळी, गावातल्या प्रत्येक घरातली भाकरी खाणारी, एके दिवशी हरवते.

“बाई, ऐकू येईना!” गावातल्या बाजूने भक्ती ओरडली.

“माझा आवाज म्हातारा झालाय गं. त्याच्यानं लांब चालवत नाही. तुम्हीच जवळ या.”

त्याच आवाजाने सकाळी फाट्यावर धावती एसटी थांबवली होती.

पोरं सरकली. बाईंचा आवाज आणखी उतरला. पोरं आणखी सरकली. भक्तीचा गुडघा वस्तीवरच्या सुकेशनीला लागला.

“सरक की गं!”

“कुठं सरकू? तुझीच मांडी लय रुंद हाय!”

दोघी फिसकन हसल्या. नव्या रंगांवर पहिल्यांदा कुणाचं तरी वजन आलं.

“खुर्चीवरून काय बी ऐकू येईना बगा,” म्हणत आश्रुबाही खाली उतरले आणि मांडी घालून बसले. इतक्यात सुकेशनीचे वडील सिद्धोधन लेकीला न्यायला आले आणि दारातच थांबले. पूर्णेला रेल्वेत नोकरी, सुट्टीवर घरी आलेले. आश्रुबांनी बाईंवरची नजर न काढता माझ्यावर थाप मारली.

“सिद्धोधन, उभा का? बस. शेळी हरवलीय.”

“कुणाची?”

“त्येच तर कळंना!”

“मग सरका जरा, अध्यक्ष. निम्मी सतरंजी तुमीच दाबून बसलाव.”

अध्यक्ष सरकले.

परतीच्या एसटीत बाईंनी वही काढली. मला वाटलं, मिटणार. त्यांनी कोरं पान उघडलं आणि धक्क्यांनी हलणाऱ्या अक्षरांत लिहायला लागल्या. मी त्यांच्या मांडीवर डोळे मिटले. स्वप्नात पुन्हा ती हाक आली. या वेळी पुष्कळ जणींनी एकदम ‘ओ’ दिली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. मला झटका, उन्हात घाला, उंदरांपासून सांभाळा. आणि माझ्यावर बसताना मध्ये जागा सोडू नका. तिथे माझे रंग उगाच नवे राहतात.