शनिवारची ऊब

शनिवार, १५ मार्च. सकाळी साडेनऊ वाजता झिग्मसने गाडीच्या दाराखालच्या पत्र्याला पेचकसाचे टोक लावले. जोर फारसा दिला नव्हता. पेचकस मुठीपर्यंत आत गेला.

त्याने तो उपसला, वीतभर पुढे पुन्हा टेकवला. पुन्हा आत. तपकिरी भुगा फरशीवर पडला. पंच्याहत्तर वर्षांचा झिग्मस गुडघ्यांवर तसाच बसून राहिला.

हे सारे माझ्या पोटात घडले, म्हणून मला ठाऊक आहे. मी एक जुने गॅरेज आहे, मित्रांनो. दुरुस्तीचे नव्हे, एका माणसाची एक गाडी ठेवायचे. लिथुआनियातल्या शौलेय शहराच्या कडेला आमच्या रांगा आहेत. माझा क्रमांक छत्तीस. मी थकलो आहे, त्यामुळे फुलवून सांगणार नाही. घडले तसे सांगतो.

मला १९७६ साली बांधले. जमीन नगरपालिकेची, विटा आणि हात गॅरेज सोसायटीच्या सभासदांचे. झिग्मस तेव्हा बस डेपोत मेकॅनिक होता. कामावरून सुटला की तो विटा रचायचा आणि त्याची बायको गेनोवैते चुन्याची घमेली उचलून द्यायची. फरशीखाली त्याने दोन मीटर खोल तळघर खणले. बटाटे, गाजरे, काकड्यांच्या बरण्या तिथे हिवाळा काढत. आमच्या रांगेत प्रत्येकाच्या पोटाखाली असे तळघर आहे.

भिंतीत त्याने दोन झरोके ठेवले. एक दाराशी, खाली. दुसरा मागच्या भिंतीत, छताजवळ. थंड वारा खालून येई आणि ओल घेऊन वरून निघून जाई. हिवाळ्यात माझ्या आत बादलीतले पाणी गोठायचे, पण गाडी कोरडी असायची. सेहेचाळीस वर्षे असेच चालले. नवे सभासद आले की त्यांना मला दाखवायला आणत. मला त्याचा अभिमान होता, आता लपवून काय करू?

मग तीन वर्षांपूर्वी झिग्मसची नात मिग्ले नर्सिंगच्या शिक्षणाला गेली. जेवणाच्या टेबलावर झिग्मसने जाहीर केले, "शिकून आलीस की गाडी तुझी." शिकल्यावर तिला खेडोपाडी फिरून म्हाताऱ्यांना घरी जाऊन तपासायचे होते, आणि त्या नोकरीला स्वतःची गाडी लागते.

त्या दिवसापासून गाडी थंडीत राहते हे झिग्मसला बघवेना.

ऑक्टोबरात त्याने थर्माकोलचे पांढरे तक्ते आणले. प्रत्येकाच्या मागे गोंदाचे पाच ठिपके लावून भिंतींना चिकटवले. ठिपक्यांमुळे तक्ता आणि वीट यांच्यात बोटभर फट राहिली. कामाच्या शेवटच्या दिवशी गेनोवैते जेवण घेऊन आली.

"झिग्मस, माझ्या मानेवर वाऱ्याचा झोत येतोय."

"येणारच. तिथं झरोका आहे."

"मग बुजव ना! झोतानं माझ्या मावशीचा कान गेला."

"मावशीचा कान तुझ्या बडबडीनं गेला."

तरी त्याने झरोके बुजवले. आमच्याकडे माणसे उणे वीस तापमानात मासे धरायला बर्फावर बसतात, पण समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहिल्या तर भांडतात. झोताची भीती सगळ्यांना. डावा जुना लोकरी बूट खालच्या झरोक्यात गेला, उजवा वरच्या.

मग शनिवार सुरू झाले. आठवडाभर मी गारठलेला असे. शनिवारी सकाळी झिग्मस बाजार करून येई, बर्फाने लडबडलेली गाडी आत घेई आणि गॅसची शेगडी पेटवी. पस्तीस नंबरचा फेलिक्सास राईचा पाव आणि धुरावलेली चरबी घेऊन येई. डोमिनो रंगे. किटली उकळे. गाडीवरचे बर्फ वितळून फरशीवर वाहे. तळघरातले बटाटे फळ्यांच्या फटींतून आपली ओल वर सोडत. गॅस जळताना स्वतःही पाण्याची वाफ सोडतो, ती दिसत नाही. बंद जागेत असली शेगडी माणसाचा जीवही घेते. आमची माणसे सिगारेट ओढायला सारखी दार उघडत, म्हणून वाचली.

संध्याकाळी शेगडी बंद, दार बंद. रविवारपर्यंत मी पुन्हा गार. हवेत साठलेल्या त्या पाण्याने जायचे कुठे? ते सर्वांत थंड वस्तू शोधून तिच्यावर बसे. माझ्यात थंड होत्या तक्त्यांमागच्या विटा, आणि लोखंड. लोखंड म्हणजे दार आणि गाडी.

"तुझं गॅरेज रडतंय रे," दारावरचे ओघळ पाहून फेलिक्सास म्हणाला.

"रडत नाही, घाम आलाय. ऊब कमी पडते त्याला."

पुढच्या शनिवारी झिग्मसने दुसरी शेगडी आणली.

तीन हिवाळे असे गेले. मला ओरडता आले असते तर ओरडलो असतो.

पेचकस आत गेला त्याच दुपारी मिग्ले आली. तिने दारातच नाक मुरडले.

"आजोबा, वास कसला?"

"म्हातारपणाचा."

तिने कोपऱ्यातला तक्ता ओढला. मागची वीट काळी आणि निथळती होती. तिने दुसरा ओढला. तोही तसाच.

"मी गाडीसाठी केलं गं हे," झिग्मस म्हणाला. "तुला चांगली मिळावी म्हणून."

"ठाऊक आहे, आजोबा."

"प्रेमानं गंजवली," फेलिक्सास म्हणाला. "माझ्या बायकोनं मला असंच गंजवलं." कोणी हसले नाही.

त्याच दिवशी बूट निघाले, नंतर सगळे तक्ते. महिनाभर माझे दार दिवसभर उघडे राहिले. तळघराच्या झाकणाला रबराची पट्टी बसली आणि त्याची ओल छतावरून बाहेर न्यायला वेगळा पाइप लागला. थर्माकोल विटा पूर्ण वाळल्यावरच पुन्हा लावायचा, फट न ठेवता, आणि ओल मागे शिरू नये म्हणून खोलीच्या बाजूने प्लास्टिकचा अखंड कागद ताणायचा, असे ठरले आहे. शेगडीऐवजी धुराडे असलेली भट्टी येणार आहे. बर्फ दाराबाहेरच झाडायचे.

गाडीचे काम सोपे नव्हते. वेल्डिंगवाल्याला नऊ दिवस लागले. शेवटी त्याने चष्मा कपाळावर चढवला.

"बाहेरचा पत्रा नवा झाला. आतला आधार कितपत खाल्लाय, मला दिसत नाही. ते सरकारी तपासणीवाले ठोकून बघतील."

"आणि खाल्ला असेल तर?" मिग्लेने विचारले.

"तर ही गाडी रस्त्यावर येणार नाही."

मित्रांनो, मला ऊब नको आहे असे नाही. म्हातारपणी कोणाला नको असते? पण ज्याला ऊब द्याल त्याचा श्वास कोंडू नका. आधी ओल जायची वाट ठेवा, मग शेकोटी करा. आणि भिंतीवर ओघळ दिसले तर आच वाढवण्याआधी विचारा, हे पाणी येते कुठून. माझ्या माणसाने तीन वर्षे विचारले नाही, आणि त्याच्याइतकी माझी काळजी कोणी केलेली नाही.

मंगळवार, २९ एप्रिल. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी झिग्मस आणि मिग्ले गाडी घेऊन तपासणीला गेले. तिची नोकरी ५ मेला सुरू होते. दुसरी गाडी घेण्याची त्यांची ऐपत नाही. तपासणीला पाऊण तास लागतो. आता साडेअकरा वाजले आहेत. गेनोवैते दोनदा येऊन रस्त्याकडे पाहून गेली. दोघे अजून परतलेले नाहीत. फरशी कोरडी आहे.