बिनटिळ्याचे दोन बोल्ट

माधवी झाली तेव्हापासून वर्षालीच्या डोक्यात काही टिकत नसे. दूध उतू गेल्यावर आठवायचं की आपण ते गॅसवर ठेवलं होतं. एकदा तर चष्मा तांदळाच्या डब्यात सापडला. म्हणून शेजारच्या प्रभाकररावांच्या विमानाचं इंजिन तिच्याकडे आलं, तेव्हा तिनं स्वतःपुरता एक नियम करून टाकला. आठवणीवर काही सोडायचं नाही. बोल्ट पुरता कसला गेला की टॉर्क पाना 'टक' असा आवाज देतो. तो आवाज आला की लगेच बोल्टाच्या डोक्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका. ठिपका नाही, म्हणजे बोल्ट कसलेला नाही. मग मधे पोर रडो, कुकर ओरडो, कोणी दार वाजवो.

"सोताच्या नखाइले नाई लावत अन् लोखंडाले लावते," सासूबाई, मनकर्णाबाई, म्हणायच्या. "लगीन हाये काय वं लोखंडाचं?"

"साखरपुडा आहे आई. लग्न अजून लांब आहे," वर्षाली म्हणायची.

पिपरी मेघेतल्या त्यांच्या घरामागं टिनाचं शेड होतं, तेच तिच्या नवऱ्याचं, गोपालचं, गॅरेज. क्लच, ब्रेक, सस्पेन्शन हे गोपालचं काम. इंजिन पूर्ण उघडायचं असलं की ते वर्षालीकडे. ती डिप्लोमा झालेली, लग्नाआधी तीन वर्षं बुटीबोरीच्या कारखान्यात इंजिनजोडणीवर होती. हे गोपाल कोणापासून लपवत नसे. उलट गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की, "मॅडमले इचारा," म्हणून मोकळा व्हायचा.

प्रभाकरराव त्याच गल्लीत राहायचे. वायुसेनेत चोवीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची विमानं तपासून दिली, उडवलं एकही नाही. निवृत्त झाल्यावर नागपूरला जाऊन उडवायला शिकले आणि आता सेलूच्या रस्त्याला, भावाच्या शेतातल्या गोठ्यात, स्वतःच्या हातानं एक छोटं एका माणसाचं विमान बांधत होते. नळ्यांचा सांगाडा झाला होता, पंखांवर कापड चढलं होतं. परवानगीचे कागद अजून कचेऱ्यांतून फिरत होते. "फिरू दे," ते म्हणाले, "तोवर इंजिन तर बोलतं करू."

इंजिन होतं एका जुन्या जिप्सीचं.

"काका, गाडीचं इंजन इमानाले चालन काय?" गोपालनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"चालतं. पण गाडीत ते उतारावर दम खातं, सिग्नलला उभं राहतं. विमानात त्याला सुट्टी नाही. चढताना सगळी ताकद, वर गेल्यावरही बरीचशी. म्हणून ते नव्यासारखं नको, नव्याहून चांगलं पाहिजे." मग त्यांनी गोपालकडे नाही, वर्षालीकडे पाहिलं. "जमेल?"

ती "जमेल" म्हणाली तेव्हा माधवी चार महिन्यांची होती आणि तिच्या खांद्यावर दूध ओकत होती.

काम चालायचं ते माधवीच्या झोपेच्या मापानं. सकाळी दहा ते साडेअकरा, दुपारी तीनपासून जितकं मिळेल तितकं. पाळणा स्वयंपाकघरात, दोरी मनकर्णाबाईंच्या पायाला, आणि भिंतीपलीकडे वर्षाली. फिरता दांडा, म्हणजे क्रँक, घासून आणला, नव्या रिंगा, नवी बेअरिंगं, व्हॉल्व्ह एकेक करून बसवले. केसाच्या जाडीच्याही खाली मोजायचं काम. तिला ते गोड लागायचं. दिवसभरात एवढीच एक गोष्ट होती जी मोजली की मोजलेलीच राहायची. बाकी सगळं, लंगोट, भांडी, झोप, पुन्हा पहिल्यापासून.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी इंजिन स्टँडवर उलटं टांगलेलं होतं. पिस्टनचे कनेक्टिंग रॉड ज्या आठ बोल्टांनी क्रँकला धरून राहतात, ते ती कसत होती. सहा झाले, सहा ठिपके पडले. शेवटचे दोन हातानं फिरवून बसवले, पाना उचलला, आणि आतून माधवीचं रडणं ऐकू आलं. साधं भुकेचं नाही, कान दुखल्यासारखं. वर्षाली पाना ठेवून पळाली. ताप होता. ती रात्र, दुसऱ्या दिवशीचा दसरा, सगळं तापातच गेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती शेडमध्ये आली. आठ बोल्ट, आठ ठिपके. झालं होतं तर. आपल्याला काही आठवत नाही, याचं तिला नवल वाटलं नाही. नियम त्यासाठीच तर केला होता. तिनं खालचं तेलाचं चेंबर सिलिकॉन लावून बंद केलं आणि पुढच्या कामाला लागली.

दिवाळी गेली. विमानाचा पंखा आणि तो फिरवणारा दातेरी पट्टा बसला, कार्ब्युरेटर बसला, इंजिन सरळ करून लोखंडी घोडीवर पक्कं केलं. रविवारी सकाळी पहिल्यांदा चालू करायचं ठरलं. प्रभाकररावांनी नागपूरच्या तीन जुन्या सोबत्यांना बोलावलं.

शनिवारी दुपारी मनकर्णाबाई पोह्यांसाठी शेंगदाणे निवडत बसल्या होत्या. वर्षाली माधवीला भात भरवत होती.

"नारळ तं फोडाच लागते," मनकर्णाबाई म्हणाल्या. "अन् थो मी फोडीन. माहा हक्क हाये. माहा बी हात लागला हाये त्या इंजनाले."

"तुमचा कुठं लागला हो आई?"

"वा! दसऱ्याची पूजा कोनं केली? तू पोरीपाशी होती. पाने, हातोडे, जॅक, सगळ्याइले हळदकुंकू लावलं. मंग इंजनापाशी गेली, तं तुनं सगळ्याइले लाल टिळा लावलेला, अन् दोघं तसेच बसलेले, उघडे. म्या म्हटलं, ह्या दोघाइनं काय पाप केलं? कुंकू लावून पाह्यलं, तेलावर राहेच नाई. तं तुही लाल शीशी होती तिथंच." त्यांनी सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. "काऊन? काय झालं?"

वर्षालीचा हात माधवीच्या तोंडासमोर थांबला होता. माधवी 'आ' करून वाट पाहत होती.

"काही नाही," ती म्हणाली आणि घास भरवला. मग दुसरा. वाटी संपेपर्यंत ती उठली नाही.

गोपाल शेडमध्ये एका गाडीखाली होता. तिनं सगळं सांगितलं. तो चाकांच्या मधून बाहेर आला आणि हात पुसत बसला.

"तुनं कसले असतीन वं. मंग आईनं वरतून लावलं असन."

"मी कसल्यावर लगेच ठिपका देते. ठिपका नव्हता."

"आवाज तं येईन ना? चालू करू, आवाज आला की बंद करू."

"आवाज येईपर्यंत रॉड इंजिन फोडून बाहेर आलेला असेल, अहो. आणि नाहीच आला आवाज उद्या तर? वर गेल्यावर आला तर?"

गोपालनं इंजिनाकडे पाहिलं. मग म्हणाला, "उघडलं तं सिलिकॉन नवं लागन. सुकाले एक दिवस. उद्याचं गेलं." आणि आवाज खाली करून, "काकाले सांगू का चेंबर गळून राह्यलं म्हनून? आईचं नाव नको."

वर्षालीनंही तेच ठरवत आणलं होतं, फक्त तिच्या खोट्यात चूक तिची स्वतःची होती. लक्ष नव्हतं, पोर आजारी होतं, बोल्ट राहून गेले असतील. खोटं पूर्ण नव्हतंच ते. आणि सासूबाईंचा तो दसऱ्याचा हात तसाच पवित्र राहिला असता.

पाच वाजता प्रभाकरराव आले, उद्याच्या पेट्रोलचा कॅन घेऊन. वर्षालीनं त्यांना खुर्ची दिली आणि उभ्याउभ्याच सांगितलं.

"काका, उद्या चालू नाही करता येणार. आतले दोन बोल्ट कसायचे राहिले असावेत. माझी चूक आहे. माधवीला ताप होता, माझं लक्ष..."

"खोटं काऊन बोलून राह्यली वं?"

मनकर्णाबाई दारात होत्या, माधवी कडेवर. किती वेळच्या, कोण जाणे.

"मघापासून तुहं तोंड पाहून राह्यली मी. काही नाही म्हनते अन् घास तसाच हातात." त्या आत आल्या. "प्रभाकरभाऊ, थो रंग म्या लावला. दोघाइले नव्हता, म्हनून म्या लावला. थो कसल्याची खून हाये हे मले का मालूम, जी? मले वाटलं, सूनबाई पूजा करून राह्यली लोखंडाची."

प्रभाकररावांनी कॅन खाली ठेवला. वर्षालीला वाटलं, आता इंजिन उचलून नेतील. नेलं तर त्यात गैर काही नव्हतं. त्या इंजिनाच्या भरवशावर त्यांना एकट्यानं वर जायचं होतं.

"मी कोणी केलं हे विचारलंच नव्हतं, वहिनी," ते शेवटी म्हणाले. "काय झालं, एवढंच मला पाहिजे असतं. ते पुरतं कळलं." मग वर्षालीकडे वळून जरा कडकच, "पण तू अर्धं सांगत होतीस. लक्ष नव्हतं म्हणून राहिले, एवढंच ऐकलं असतं, तर मी म्हणालो असतो, पोरी, लक्ष ठेवत जा. आणि उद्या पुन्हा कोणीतरी मायेनं रंग लावला असता. रंग कसा लागला हे कळलं, म्हणून तर उपाय सापडतो."

वर्षालीनं मान खाली घातली. ओरडा खाल्ल्यासारखं वाटलं आणि हलकंही वाटलं.

"उघड," ते म्हणाले.

तेल काढलं, चेंबर सोडवलं, इंजिन पुन्हा पालथं केलं. लांब दांड्याचा पाना लावून ती एकेक बोल्ट सैल करू लागली. प्रत्येक वेळी 'कर्र' आवाज, खांद्याला झटका. पहिला, दुसरा. सहा बोल्टांनी सहा झटके दिले. सातव्याला पाना लावला आणि तो दोन बोटांनी फिरला. आठवाही तसाच.

माधवी मनकर्णाबाईंच्या मंगळसूत्राशी खेळत होती.

"ढिले होते का वं?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

क्षणभर वर्षालीच्या ओठावर 'नाही' आलं. त्या जिथं उभ्या होत्या तिथून त्यांना दिसलंही नसतं.

"हो आई. दोन्ही."

मनकर्णाबाई मटकन स्टुलावर बसल्या. "बावा रे," एवढंच म्हणाल्या, आणि प्रभाकररावांकडे पाहायचं टाळलं. मग पोरीला गोपालच्या हातात दिलं, पदर खोचला. "भाऊ, उपाय सापडतो म्हनता. काय उपाय हाये?"

"आमच्याकडे एकच होता. जो कसतो, तो खूण करत नाही. खूण दुसरा करतो, आणि कानानं ऐकल्याशिवाय करत नाही. मग तो कसणारा साहेब असो की सर्जंट."

"आयकाचं काय असते?"

वर्षालीनं पहिला बोल्ट कसून दाखवला. टक.

"एवढूसं?"

"एवढूसंच, आई."

"पुन्हा कर. गोपाल, पोट्टीले बाहेर ने, आयकू दे मले."

गोपाल माधवीला घेऊन बाहेर गेला. वर्षाली कसायची, टक व्हायचं, मनकर्णाबाई मान हलवायच्या आणि ठिपका द्यायच्या. पाचव्याला त्यांनी हात मागं घेतला. "नाई आला."

"आला, आई. आला होता."

"मले नाई आला. पुन्हा कर."

तिनं सैल करून पुन्हा कसला. टक. ठिपका पडला. प्रभाकरराव खुर्चीत मागं टेकले आणि बऱ्याच वेळानं पहिल्यांदा हसले.

रविवारी पाहुणे आलेच. प्रभाकररावांनी त्यांना थांबवलं नव्हतं. "पोहे तर खायचे आहेत," ते म्हणाले. तिघंही सत्तरीच्या आसपासचे, इस्त्रीचे सदरे घालून, न चालणाऱ्या इंजिनाभोवती उभे राहिले. काय झालं ते वर्षालीनं सांगितलं, सगळं, आणि मनकर्णाबाई मधेमधे दुरुस्त करत गेल्या. मग त्यातले ताराचंदजी, सगळ्यात वयस्क, बशी खाली ठेवून म्हणाले, "मेरा तो पिलायर छूट गया था अंदर." कोणत्या साली, कोणत्या विमानात राहिली ती पक्कड, कशी सापडली, सगळं. ते संपतं न संपतं तोच दुसऱ्यानं आपलं सुरू केलं. त्यानंतर दोन तास तिघं आपापल्या चुका सांगत होते, चढाओढीनं, जसे इतर लोक बक्षिसं सांगतात. मनकर्णाबाई दोनदा चहा ठेवून आल्या आणि पुन्हा येऊन बसल्या.

मंगळवारी दुपारी, माधवी जागी असतानाच, इंजिन चालू केलं. पाहुणे कोणी नव्हते. पहिल्या दोन खेपांना नुसतं खोकलं. तिसऱ्यांदा पकडलं. पंखा दिसेनासा झाला, शेडचे टिन थडथडले, गल्लीतलं कुत्रं पळालं. वर्षालीची नजर तेलाच्या दाबाच्या काट्यावर होती. काटा वर गेला आणि तिथंच राहिला. प्रभाकरराव घड्याळ धरून होते. बारा मिनिटं. मग त्यांनी हात केला, तिनं बंद केलं. पंखा पुन्हा दिसू लागला, सावकाश, एकेक पातं.

प्रभाकररावांचे डोळे भरून आले होते आणि ते उगाच एक नळी तपासत होते.

दारात मनकर्णाबाई दोन्ही तळव्यांनी माधवीचे कान झाकून उभ्या होत्या. त्यांनी हात काढले.

"आता कवा उघडाचं?"

"काय, आई?"

"इंजन. एवढं थडथड करून राह्यलं होतं, अंदर ढिलं झालं असन तं?"

"दहा तास चाललं की उघडू, वहिनी," प्रभाकरराव पाठमोरेच म्हणाले. "तेल बदलायचं, आत पाहायचं."

"आई, दहा तास म्हनजे आज नाई," गोपाल म्हणाला.

"मले समजते तेवढं. म्या काय आज म्हटलं का?" त्यांनी माधवीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "उघडाल तवा मले बोलावजा, भाऊ. माह्याबिगर हात नका लावू."