झाकण उघडं आहे

पुण्यात अनोळखी माणसाशी कुणी आपणहून बोलत नाही, असं जे म्हणतात ते अर्धंच खरं आहे. तुमचं सगळं सुरळीत चाललेलं असेल, तर तुम्ही मेलात काय नि जगलात काय, कुणी ढुंकून बघणार नाही. पण तुमची एखादी चूक रस्त्यावर दिसू द्या, की सगळं शहर तोंड उघडतं. स्कूटरचा स्टँड खाली राहिला, साडीचा पदर लोंबला, गाडीच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडं राहिलं, की ओळखपाळख नसलेली माणसं जिवावर उदार होऊन तुमच्या बाजूला गाडी घालतात. चूक दाखवून देण्यात जे सुख आहे ते या शहरात फुकट मिळतं, आणि फुकटचं कुणी सोडत नाही.

गोपाळराव केतकरांना हा शोध लागला तो त्यांच्या पत्नी पद्मजाताई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात. त्या होत्या तोवर पंपावरून गाडी बाहेर पडली की शेजारच्या सीटवरून एकच शब्द यायचा, "झाकण?" गोपाळराव म्हणायचे, "लावलं." कधी लावलेलं नसायचंच, मग खाली उतरायचं, लावायचं आणि पुढचा सिग्नल येईपर्यंत बोलणी खायची. त्या गेल्या आणि विचारणारं कुणी उरलं नाही. पहिल्यांदाच एकटे पंपावर गेले त्या दिवशी झाकण उघडंच राहिलं.

मार्केट यार्डपासून बिबवेवाडीत घरी येईपर्यंत लोकांनी त्यांना नुसतं भंडावून सोडलं. एका रिक्षावाल्याने हॉर्न वाजवून खूण केली. कॉलेजची एक मुलगी ओढणीतून तोंड काढून "काका, झाकण!" म्हणून गेली. सिग्नलला एक गृहस्थ काचेशी वाकले आणि म्हणाले, "पेट्रोल वाटायला काढलंय का? नाही, तसं असेल तर मी बाटली घेऊन येतो." गोपाळराव मनापासून हसले. घरी येऊन चप्पल काढताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण चार-पाच दिवसांनी माणसांशी बोललो. लिफ्टमधलं "काय, बरंय ना" हे काही बोलणं नव्हे.

त्यानंतर झाकण उघडं राहू लागलं. आतलं फिरकीचं बूच ते घट्ट लावायचे, दोनदा तपासायचे. पाटबंधारे खात्यात उभी हयात गेलेला माणूस, धोका पत्करणाऱ्यांतला नव्हे. उघडं ठेवायचं ते फक्त वरचं. कोपऱ्यावर दूध मिळत असताना ते दुधाला कात्रजला जाऊ लागले. एकट्या माणसाला लागते ती पावशेर भेंडी आणायला मार्केट यार्डाच्या गर्दीत शिरू लागले. काच खाली करून सावकाश गाडी हाकायची आणि वाट बघायची. कुणी सांगितलं की आश्चर्य वाटल्यासारखं दाखवायचं, "अरे हो की! आभारी आहे हं." गाडी कडेला घेऊन झाकण लावायचं आणि पुढच्या वळणावर सीटखालची पट्टी ओढून पुन्हा उघडायचं. म्हटलं तर लबाडी होती. पण त्यात कुणाचं काही जात नव्हतं, आणि गोपाळरावांचा दिवस जात होता.

शेवटी ही गोष्ट शौनकच्या कानावर गेली. हा त्यांचा एकुलता एक मुलगा, बंगळुरूला नोकरीला. दिवाळीला चार दिवस आला, तर सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्याला जिन्यातच गाठलं. वडिलांकडे लक्ष द्या, रोज गाडीचं झाकण उघडं टाकून हिंडतात, या वयात अशीच सुरुवात होते, वगैरे. शौनक घाबरला. या वयात गाडी हवीच कशाला, विकून टाकू, असं त्याने जेवतानाच काढलं. घास गोपाळरावांच्या हातात तसाच राहिला. तेव्हाच खरं सांगता आलं असतं. पण कर्त्यासवरत्या मुलाला काय सांगायचं, की मला करमत नाही म्हणून उघडं ठेवतो? विसरभोळा म्हटलेलं परवडलं, केविलवाणा म्हटलेलं नको, असं त्यांना वाटलं. ते म्हणाले, "होतं खरं अलीकडे विसरायला."

मग योगेश मेकॅनिकला बोलावून शौनकने गाडीत एक यंत्र बसवून घेतलं. झाकण उघडं असलं की गाडीत टूं टूं सुरू, आणि त्याच वेळी शौनकच्या मोबाईलवर निरोप. एवढं करूनही झाकण उघडं राहिलं तर मात्र गाडी विकायची, असं बजावून तो बंगळुरूला गेला.

पहिले काही दिवस गोपाळराव झाकण लावून हिंडले. कात्रजपर्यंत गेले आणि आले. कुणी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेवटी न राहवून एकदा पट्टी ओढलीच. यंत्र असं काही केकाटायला लागलं, की सिग्नलला शेजारी आलेल्या बाईंचे नुसते ओठ हलताना दिसले. ते ऐकू आलं नाही याचं त्यांना फार वाईट वाटलं. तेवढ्यात फोन वाजला.

शौनक होता. ऐन कामाच्या वेळी, ऑफिसातून. रविवारचा त्याचा फोन "बाकी काय" पाशी सुरू व्हायचा आणि तिथेच संपायचा. आज तो रागावला, काळजीत पडला, जेवलात का म्हणून विचारलं, औषधं विचारली. ही शेवटची वेळ, पुन्हा झालं तर गाडी जाणार, असंही म्हणाला. झाकण लावून गोपाळराव घरी आले, पण तो आवाज त्यांना दिवसभर पुरला.

त्यानंतर ते शहाण्यासारखे वागले. गाडी गेली तर आपलं काय होईल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग एका रविवारी शौनकचा फोन आला नाही. कामात असेल. सोमवारीही नाही. आपण करावा, तर तो नेहमी मीटिंगमध्ये असायचा. बुधवारी दुपारी गोपाळराव जेवण उरकून खाली पार्किंगमध्ये गेले, गाडीत बसले, चावी फिरवली आणि सीटखालची पट्टी ओढली.

यंत्र ओरडू लागलं. वॉचमन पोपट धावत आला. "काका, झाकण उघडं हाय तुमचं."

"माहीत आहे, असू दे," गोपाळराव म्हणाले. मांडीवरच्या फोनवरची नजर त्यांनी काढली नाही.

फोन वाजला.

"बाबा, झाकण उघडं आहे. कुठे आहात तुम्ही?"

"खाली. पार्किंगमध्ये."

"पार्किंगमध्ये? मग उघडं कसं राहिलं?"

"राहिलं नाही. मी उघडलं."

मग शौनकने फार सांभाळून, आजारी माणसाला विचारावं तसं विचारलं, "कशाला उघडलं ते आठवतंय का तुम्हाला?"

"सगळं आठवतंय. रविवारी तुझा फोन आला नाही, तेही आठवतंय."

यंत्र ओरडतच होतं. "बाबा, आधी ते झाकण लावा. मला काही ऐकू येत नाहीये."

"लावतो. पण लावलं की तू फोन ठेवशील."

पोपट अजून तिथेच उभा होता. गोपाळरावांनी त्याच्याकडे पाठ केली आणि आवाज शक्य तितका रोजचा ठेवला.

"गाडी विकायची तर विक, मी आडवा येणार नाही. ते यंत्र तेवढं योगेशकडून काढून घे आणि घरातल्या एखाद्या झाकणाला बसवून दे. साखरेच्या डब्याला बसवलंस तरी चालेल. चहा मी दिवसातून दोनदा करतो."