चार बोटं पाणी

थोरल्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षाच्या रजिस्टरवर साहेबांनी बोट ठेवलं आणि विचारलं, "बाई, या वर्षी खांबाला काही झालं होतं का?"

भरतीबाई टेबलापाशी उभी होती. तिने रजिस्टरकडे पाहिलंही नाही. पान तिचं, आकडे तिचे, मे महिना तिच्या घरच्या लग्नाचा.

"आठवत नाही, साहेब," ती म्हणाली.

एकतीस वर्षांच्या नोकरीत वरच्या माणसाशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली. इतकं झटकन बोलली, की तिचं तिलाच नवल वाटलं.

"बसा ना, मावशी," साहेब म्हणाले. वयाने तिच्या धाकट्या जावयाएवढे असतील. उन्हाने नाक सोललेलं, बूट चिखलाने भरलेले. जिल्ह्याच्या किनाऱ्याचा नवा नकाशा करायला ते आले होते आणि गेले पंधरा दिवस बंदराच्या कचेरीतली जुनी रजिस्टरं वाचत होते. खोलीत ओल्या कागदाचा आणि डिझेलचा वास भरून राहिला होता.

जेट्टीच्या टोकाला पाण्यात एक खांब होता. पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचा, वर सेंटिमीटरचे आकडे. दिवसाउजेडी येणारी एक भरती आणि एक ओहोटी पाहायची, पाणी कुठल्या आकड्याला आहे ते लिहायचं, हे तिचं काम. आधी ते तिचा नवरा करत असे. तो गेला तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती आणि तिला एक अक्षर येत नव्हतं. कचेरीतल्या म्हाताऱ्या हेडक्लार्कने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर शून्यापासून नऊपर्यंत गिरवून घेतलं आणि सांगितलं, "खांब सांगेल ते लिहायचं. आपल्या मनचं लिहायचं नाही." आकडे असे आले. अक्षरं मागाहून आली, मुलीच्या पाटीवरून. गावात ज्याला त्याला तिच्याकडूनच भरतीची वेळ कळायची, म्हणून ती भरतीबाई झाली. तिचं खरं नाव पगारपत्रकाशिवाय कुठे राहिलं नव्हतं.

साहेबांनी कोऱ्या कागदावर एक रेघ ओढली, अगदी हलकी चढती. "समुद्र वाढतोय, हे खरं. पण तो असा वाढतो. आणि तुमच्या रजिस्टरात बघा." दुसरी रेघ मध्येच उभी चढली आणि पुन्हा आडवी झाली. "मे महिन्याच्या एका दिवसात आठ सेंटिमीटर वर. जिना चढल्यासारखा. समुद्राला पाय नसतात, मावशी."

"मग तुम्हीच आठ कमी करून टाका की."

"माझ्या मनाने नाही करता येत. खांब अमुक दिवशी खचला, एवढा खचला, मी पाहिला, असं कोणीतरी लिहून द्यायला हवं. जुन्या पायऱ्यांवर मोजमापाची खूण होती, ती काँक्रीट केलं तेव्हा गेली. आता ताडून बघायला काही उरलं नाही. सोमवारी बैठक आहे. तोवर काही मिळालं नाही, तर आकडे आहेत तसे जातील."

"गेले तर?"

त्यांनी नकाशा उलगडला. त्यावरची लाल रेघ खालच्या आळीच्या मागून गेली होती. रेघेच्या आत त्रेचाळीस घरं होती, ती सगळी उठवावी लागणार होती.

हा जिल्हा म्हणजे डोंगर आणि समुद्र यांच्या मधली चिंचोळी पट्टी. एके काळी इथे मोठी गलबतं लागायची. ती रिकामी यायची, म्हणून तोल राखायला पोटात दगड भरून आणायची आणि माल घेताना ते दगड किनाऱ्यावर टाकायची. त्या परदेशी दगडांवर माती पसरून लोकांनी घरं बांधली, ती खालची आळी. मग गाळ साचला, गलबतं थांबली, डोंगराच्या कडेने रस्ता आला. ज्यांना जमलं ते वर रस्त्याकडे गेले. ज्यांचं पोट पाण्यावर होतं ते खालीच राहिले.

घरी जाताना आळीच्या तोंडाशी जाळीवाली बसली होती. पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून ती त्याची फाटलेली घरं सांधत होती. साठीची बाई, तोंडाने फटकळ.

"काय गं भरतीबाई, तुझा तो साहेब आम्हाला डोंगरावर पाठवतोय म्हणे?"

"सोमवारी ठरेल."

"तू लिहितेस तसा समुद्र वाढतो म्हणतात. जरा कमी लिहीत जा की! हात आखडायला काय होतं तुला?" ती हसली, मग हसू आवरून म्हणाली, "वर जाऊन मी काय विणू? ढग? ही बोट संध्याकाळी फाटकं जाळं टाकते, सकाळी घेऊन जाते. ती काय डोंगर चढून येणार आहे माझ्याकडे?"

भरतीबाई घराकडे वळली.

दादा पलीकडच्या खोलीत राहायचा. वहिनी गेल्यापासून जेवायला तिच्याकडे. तिच्याहून सोळा वर्षांनी मोठा. तिला खांद्यावर घेऊन फिरवलेला. सदतीस वर्षं तो खाडीतली प्रवासी लाँच चालवत होता. आता डोळे जवळजवळ गेले होते. भिंतीवर काचेच्या चौकटीत त्याचं प्रशस्तिपत्रक होतं: सदतीस वर्षांत एकही अपघात नाही. आलेल्या माणसाला तो ते वाचायला लावायचा आणि वाचणारा चुकला तर दुरुस्त करायचा.

तिने भाताचं ताट पुढे ठेवलं. "दादा, साहेबांनी खांबाचं विचारलं."

"कुठल्या खांबाचं?"

"आपल्याकडे खांब किती आहेत?"

दादाने चाचपून रेडिओ मोठा केला. तिने तो बंद केला.

लग्नाच्या दिवशी दादाच नवऱ्या मुलाकडच्या मंडळींना पलीकडून घेऊन आला होता. दुपार, समुद्र अगदी निवांत, लाँचमध्ये पन्नास माणसं. ती वधूची आई म्हणून जेट्टीवर उभी होती. लाँच वळली ती सरळ खांबावर आली. कर्र असा आवाज झाला, खांब कलला. "व्याह्यांनी आल्या आल्याच धक्का दिला!" कोणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. दुसऱ्या दिवशी पहाटे दादाने दोन खलाशी घेऊन खांब सरळ केला, बुडाशी दगड ठासले. खांब पुन्हा ताठ उभा राहिला. पण पूर्वी पाणी दोनशे चाळीसवर आलं, की पायरीच्या लोखंडी कडीला टेकायचं. त्या दिवशी ते कडीला टेकलं तेव्हा खांब दोनशे अठ्ठेचाळीस सांगत होता. तिने खांबाला बोटं लावून पाहिली. चार बोटं. मग खांब सांगत होता ते तिने लिहिलं. त्या दिवशी आणि पुढची एकोणीस वर्षं.

"लाटेने हलला म्हणून सांग," दादा म्हणाला. "लाटेला ना पेन्शन, ना अब्रू."

"त्या दिवशी लाट नव्हती. सगळ्या वऱ्हाडाने बघितलंय."

"वऱ्हाडाने धक्काही बघितला. एकोणीस वर्षांत कोण बोललं? तुझ्याच पोटात का दुखतंय, छकू?"

"त्यांना रजिस्टर लिहायचं नव्हतं."

दादाने घास खाली ठेवला. "ऊन समोर होतं. कोणाचाही अंदाज चुकला असता."

"ऊन पाठीमागे होतं, दादा."

दादा हाताने पाण्याचा तांब्या चाचपू लागला.

"तुला तेव्हाच दिसत नव्हतं," ती म्हणाली. हे वाक्य तिने इतकी वर्षं सांभाळलं होतं, की बाहेर पडताना ते अगदी साधं वाटलं. "त्यानंतर दोन वर्षं तू माणसं घेऊन फिरलास. मला माहीत होतं. लाँच परत लागेपर्यंत मी जेट्टी सोडत नव्हते. भरती लिहून झाली तरी बसून राहायचे. तुला वाटायचं, बहिणीची माया."

"पेन्शनला दोन वर्षं राहिली होती गं," दादा म्हणाला. "फक्त दोन वर्षं."

"माहीत आहे."

"मग तेव्हा गप्प बसलीस, तर आता बस."

"तेव्हा तुझं होतं. आता त्रेचाळीस घरांचं आहे."

"म्हणजे भावाला पाण्यात ढकलायचं."

"तसं समज." तिने त्याचं ताट उचललं नाही. "जेव. भात गार होतोय."

तो जेवला नाही.

शनिवारी ती सकाळची ओहोटी लिहून कचेरीत गेली आणि साहेबांपुढे उभी राहिली. "लिहून देते."

साहेबांनी पेन काढलं. "तुम्ही सांगा, मी लिहितो. खाली सही करा."

"नको. मला येतं. वेळ लागेल तेवढा."

तिला पाऊण तास लागला. आकड्यांचा रकाना ती डोळे मिटून भरू शकली असती. एवढी सलग अक्षरं तिने आयुष्यात लिहिली नव्हती. जोडाक्षराशी आली की थांबायची, बोटाने टेबलावर गिरवून बघायची, मग कागदावर उतरवायची. साहेब खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी एकदाही घाई केली नाही.

तिने लिहिलं: माझ्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी दुपारी प्रवासी लाँच खांबाला लागली. लाँच माझा सख्खा भाऊ चालवत होता. दुसऱ्या दिवशी खांब सरळ केला तेव्हा तो आठ सेंटिमीटर खाली बसला. मी स्वतः मोजलं. मी कळवलं नाही. त्या आधीचे आणि नंतरचे सगळे आकडे खांबाने दाखवले तसेच लिहिले आहेत.

साहेबांनी दोनदा वाचलं. "लाँच कशामुळे लागली, ते नाही लिहिलंत."

"ते खांबाच्या कामाचं नाही."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, कागदाची घडी घातली आणि पाकिटात ठेवली. "बैठकीत हे वाचलं जाईल, मावशी. तुमच्यावरही ठपका येईल."

"येऊ दे. पुढच्या वर्षी घरीच बसायचंय."

बैठकीत ते वाचलं गेलं. आठ सेंटिमीटर वजा झाले, लाल रेघ खालच्या आळीच्या पुढे, समुद्राकडे सरकली. आळीपुढे कंबरेएवढी भिंत बांधायचं ठरलं. समुद्र वाढतच होता. पण साहेबांच्या पहिल्या रेघेसारखा, हळूहळू. भरतीबाईला लेखी ताकीद मिळाली. एकतीस वर्षांत तिच्या नावाने निघालेलं ते पहिलंच पत्र.

जाळीवाली तिला जेट्टीवर गाठायला आली. "आठ सेंटिमीटर म्हणजे किती गं?"

भरतीबाईने चार बोटं जुळवून दाखवली.

"एवढ्यासाठी आमची घरं जात होती?" जाळीवाली त्या बोटांकडे बघत राहिली. "आणि एवढ्यासाठी तू गप्प होतीस?" उत्तराची वाट न बघता ती गेली. दुसऱ्या दिवशी भरतीबाईच्या दारात ताज्या मासळीची टोपली होती. कोणी ठेवली ते कोणी सांगितलं नाही.

दादाने चौकट स्वतःच उतरवली. चाचपडत स्टुलावर चढला, खिळाही उपटला. त्यानंतर तो तिच्याशी बोलेना. जेवायला यायचा, भिंतीकडे तोंड करून बसायचा, आणखी हवं असलं की ताटावर बोट वाजवायचा. लोकही विचित्र, पूर्वी त्याला हटकून थांबणारे आता वाट बदलू लागले. तिला ते दिसायचं. रात्रीचं राहू दे, भर दुपारी तिला वाटायचं की तो कागद परत आणावा. पण कागद आता जिल्ह्याच्या फायलीत होता.

असे सात महिने गेले. मग एका सकाळी लाँचवर नव्याने लागलेला माणूस दादाला शोधत आला. तिशीचा, बायको-मुलं पलीकडच्या गावात. भरतीबाई आत तांदूळ निवडत होती.

"काका, खाडीच्या तोंडाशी गाळ सरकलाय. ओहोटीला लाँच घासते. तुमच्याइतकं तिथलं कोणाला माहीत नाही म्हणतात."

ज्याला सगळं गाव चुकवत होतं, त्याच्याकडे हा विचारायला आला होता. मग त्याने काठीने अंगणात खाडी काढली. डावीकडचा खडक, मधला उथळ भाग, पाणी कुठून खोल जातं ते. त्याच्या रेघा एकमेकींवर चढत होत्या. त्याला दिसत नव्हत्या. पण सांगत होता ते बरोबर होतं. तास गेला. तो माणूस उठला तेव्हा दादाने त्याचा हात धरला.

"आणि एक ऐक. कधी उन्हात कडा पुसट दिसायला लागल्या, समोरचं दोनदा बघावं लागलं, तर त्याच दिवशी सांग. दोन वर्षं राहिली, चार राहिली, मोजत बसू नकोस. मी सांगितलं नव्हतं."

तो हे मोठ्याने म्हणाला. समोरच्या माणसाला ऐकू जायला एवढ्या आवाजाची गरज नव्हती.

आत भरतीबाईचे हात थांबले. सूप तसंच मांडीवर धरून ती बसून राहिली. त्या दुपारी दादा जेवायला आला, तिच्याकडे तोंड करून बसला आणि म्हणाला, "डाळीत मीठ कमी आहे, छकू."

"घाल वरून," ती म्हणाली, आणि मिठाची वाटी त्याच्या हाताला लागेल अशी ठेवली.

दादा त्याच वर्षी, नोव्हेंबरच्या नऊ तारखेला, सोमवारी सकाळी साडेदहाला गेला. शहात्तर वर्षांचा होता.